खडकवासल्याचे पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुण्यातल्या घराघरांत जे पाणी तापते, ते कोठून येते असे कोणी विचारले, तर बहुतेक जण नळाकडे बोट दाखवतील. फार चौकस असतील ते गच्चीवरच्या टाकीकडे. उटणे कोणत्या दुकानातले, तेल कोणत्या वासाचे, कारीट कोणत्या पायाने फोडायचे, याविषयी आपण मोठे चोखंदळ असतो. परंतु ज्याच्यावाचून अभ्यंगस्नानच होणार नाही, त्या पाण्याचे कुळगोत्र विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. घरात रोज येणाऱ्या माणसाला कोणी नावगाव विचारीत नाही, तसेच हे.

मलाही हा प्रश्न एका लहान मुलाने विचारला, तेव्हाच सुचला. दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. रविवारी संध्याकाळी नातवाचा हट्ट म्हणून आम्ही खडकवासल्याच्या चौपाटीवर गेलो. धरण काठोकाठ भरलेले, पलीकडे डोंगर, मागे सिंहगड. रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर कणसे भाजली जात होती, कांदाभज्यांचा घाणा चढला होता आणि माणसांची तर जत्राच लोटली होती. कोणी पाण्यात पाय सोडून बसले होते, कोणी पोराबाळांची छायाचित्रे काढीत होते. एक गृहस्थ कागदी बशा आणि उरलेली चटणी निर्विकार मनाने तलावाला अर्पण करीत होते. नातवाने ते पाहिले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही मघाशी म्हणालात ना, आपल्या नळाला हेच पाणी येते? मग ते काका आपल्या पाण्यात खरकटे का टाकतात?"

मी म्हणालो, "नळाला येण्याआधी ते गाळून स्वच्छ करतात रे." उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले. त्या पुऱ्या उत्तरासाठीच हा लेख.

*

पुणे शहराच्या पाण्याचा इतिहास पाहू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. हे शहर नदीच्या काठी वसले खरे, पण नदीच्या पाण्यावर त्याचे फार काळ भागले नाही. वस्ती वाढली तशी शहराने दर वेळी नजर वर, डोंगराकडे लावली.

पहिला मोठा प्रयत्न पेशवाईतला. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, शहराच्या दक्षिणेस चार-पाच मैलांवर कात्रजच्या घाटाखाली ओढ्याला बांध घालून तलाव करण्यात आला. तेथून जमिनीखालून दगडी चुनेगच्ची नळ थेट पेठांपर्यंत आणला. आपण ज्याला नळ म्हणतो तसा तो नव्हे. माणूस आतून चालत जाऊ शकेल असा तो भुयारी मार्ग होता. जागोजाग त्यावर दगडी उच्छ्वास बांधलेले होते. नळातली हवा त्यांतून बाहेर पडे आणि साफसफाईसाठी त्यांतून खाली उतरताही येई. ना पंप, ना वाफ. केवळ उताराच्या बळावर कात्रजचे पाणी शहरातल्या हौदांत येऊन पडे. काळा हौद, सदाशिव पेठेतला हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत, ती त्याच काळाची खूण.

याच नानासाहेबांनी दुसरे एक तळे केले, ते पर्वतीच्या पायथ्याशी. आंबील ओढ्याच्या पाण्यावर झालेल्या त्या तळ्यात मध्ये बेट होते आणि पेशवे त्यात नावेतून विहार करीत. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपतीचे देऊळ झाले. तोच हा तळ्यातला गणपती. तळे गेले, विसाव्या शतकात तेथे सारसबाग झाली. गणपती मात्र अजून 'तळ्यातला'च म्हणवतो. देवाने नाव सोडले नाही, आपण तळे सोडले!

या दोन तळ्यांत मला एक शहाणपण दिसते. पेठांच्या घागरी भरण्याचे पाणी गावापासून दूर, डोंगराच्या कुशीत ठेवलेले. नावेतून फिरण्याचे गावाच्या वेशीवर. हा भेद त्यांनी जाणून केला की सोयीने घडला, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. एवढे खरे की हौद भरणाऱ्या तळ्यापासून शहराची वर्दळ लांब होती.

*

इंग्रजी अमलात कॅम्प वसला, खडकीची छावणी वसली आणि पाण्याची गरज वाढली. तेव्हा मुंबईचे दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर एक बंधारा बांधण्यात आला. १८५० मध्ये तो पुरा झाला. ज्या बागेला आपण बंडगार्डन म्हणतो, तिच्या नावातला 'बंड' तो हाच. त्याचा शिपायांच्या बंडाशी काही संबंध नाही, हे मला शाळेत असताना फार उशिरा कळले. बंधाऱ्यामुळे नदीचे पाणी फुगून राहिले, काठावर बाग झाली आणि त्या स्थिर पाण्यात साहेबलोक नावा वल्हवू लागले. एकाच पाण्यात पिण्याची घागर आणि विहाराची नाव एकत्र आली ती अशी.

पण या बंधाऱ्यात एक मूळचीच खोट होती. तो शहराच्या खाली होता. पेठांतून जे जे वाहून नदीला मिळे, ते सारे संगमावरून पुढे तेथेच येऊन थांबे. वरच्या अंगाला शहर आणि खालच्या अंगाला पाणवठा, ही मांडणी कोणत्याही खेड्यातल्या बाईने एका वाक्यात मोडीत काढली असती. खेड्यात पाणवठा वर असतो, धुणे त्याच्या खाली आणि गुरे त्याच्याही खाली. हा नेम कोणत्या पुस्तकात लिहिलेला नाही. पण तो मोडणाऱ्याला गाव बोलल्याशिवाय राहत नाही.

*

मग शहराची नजर पुन्हा वर गेली. १८६३-६४ च्या सुमारास पुण्याच्या पूर्वेकडील मुलखात पाण्याचा दुष्काळ जाणवू लागला होता. फाइफ नावाच्या लष्करी एंजिनिअराने पाहणी केली आणि पुण्याच्या नैर्ऋत्येस दहा-बारा मैलांवर, मुठेच्या पात्रात, खडकवासले गावी धरणाची जागा ठरली. ती जागा निवडताना त्याने मोठी हुशारी दाखवली. आंबी, मोसी आणि मुठा या तीन नद्यांचे पाणी तोवर एकत्र आलेले असते. या तिन्ही सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात, आणि तेथे पाऊस असा पडतो की पुण्यात छत्री झटकावी आणि तिकडे नदी उलटावी.

१८६८ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १८७९-८० पर्यंत ते पुरे झाले. पक्क्या दगडी बांधणीचे, जवळजवळ मैलभर लांब आणि पायापासून सुमारे शंभर फूट उंच असे हे धरण त्या काळी देशातल्या मोठ्या कामांपैकी एक होते. तलावाला कर्त्याच्या नावावरून 'लेक फाइफ' म्हणू लागले. धरणाच्या दोन्ही बाजूंनी कालवे निघाले. उजवा पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटवरून पुढे हवेली आणि भीमथडी तालुक्यांतल्या कोरड्या रानांकडे गेला, डावा खडकीकडे.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे भांडण तिच्यातून निघाले आहे. हे धरण एकट्या पुण्यासाठी बांधलेले नव्हते. शेतीचे पाणी आणि पुणे-खडकीचे पिण्याचे पाणी अशी दुहेरी कामगिरी त्याच्यावर होती. लाखभर वस्तीच्या त्या पुण्याला कितीसे पाणी लागणार? शेताला पाणी देता देता वाटेत शहराने ओंजळ भरून घ्यावी, असा तो हिशेब होता. ओंजळ एवढी मोठी होईल, हे फाइफच्या स्वप्नातही आले नसेल.

ओंजळ वाढू लागली, तेव्हा खडकवासल्याला दुसरा एक मोठा माणूस भेटला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूरकडचे. पण एंजिनिअरिंग शिकले पुण्यात आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची उमेदीची वर्षे गेली. पावसाळ्यात खडकवासल्याच्या सांडव्यावरून पाणी वाया जाते, हे त्यांनी पाहिले. भिंत उंच करावी तर खर्च मोठा. त्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. माणूस नको, यंत्र नको. पाण्याच्याच जोराने पाण्याला आवर घालण्याची ही युक्ती १९०३ मध्ये प्रथम येथे अमलात आली आणि सुमारे आठ फूट जादा पाणी अडवता आले. पुढे ग्वाल्हेरजवळ तिगऱ्याला आणि म्हैसुरात कृष्णराजसागरावर याच जातीचे दरवाजे बसले. पुणेकरांचे कौतुक सहसा पुणेकरच करतात. हे एक कौतुक मात्र परप्रांतीयाने मिळवून दिलेले आहे.

*

तलाव झाला की माणूस तेथे बसायला जाणारच. सिंहगडाची वाट काठावरूनच जाते. गडावरची पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन उतरलेली मंडळी धरणावर थांबत, पाय धूत, आणि सूर्य डोंगराआड गेला की घरची वाट धरीत. सायकलींच्या काळात हा पुण्यातल्या तरुणांचा ठरलेला कार्यक्रम होता.

दुसऱ्या महायुद्धात या निवांत पाण्यावर निराळीच धांदल उडाली. समुद्रावरून शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य कसे उतरवायचे, याचे शिक्षण देणारे केंद्र तलावाच्या उत्तर काठावर निघाले होते आणि त्यासाठी तेथे चक्क एक नकली जहाज उभे केलेले होते! घाटावरच्या गोड्या पाण्यात समुद्राची तालीम! स्वातंत्र्यानंतर त्याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचे उद्‌घाटन झाले. तिचे छात्र याच तलावात शिडाच्या नावा चालवायला शिकतात. धरणाच्या खालच्या अंगाला जल आणि विद्युत संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. नद्या, बंदरे, धरणे यांच्या लहान प्रतिकृती करून तेथे पाण्याच्या स्वभावाचा अभ्यास चालतो.

असा हा तलाव. त्याच्यावर शेतकऱ्याचा हक्क, शहराची तहान, सैनिकाची शाळा, शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आणि रविवारच्या माणसाची करमणूक. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या पुरुषासारखा तो सगळ्यांचे करीत होता आणि त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नव्हते.

*

ती विचारपूस १२ जुलै १९६१ रोजी करावी लागली.

तलावाच्या वर आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरते झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे बांधकाम जसे मजबूत हवे तसे नव्हते आणि त्याचा दरवाजाही धड बसलेला नव्हता. तरी त्या पावसाळ्यात पाणी अडले. भराव खचू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पण १२ तारखेच्या सकाळी धरण फुटले. तो सारा लोंढा खडकवासल्यावर आला. ऐंशी वर्षांचे ते जुने दगडी धरण, ज्या भारासाठी ते कधी बांधलेच नव्हते तो भार घेऊन, काही तास उभे राहिले. पाणी त्याच्या माथ्यावरून वाहत होते. दुपारी तेही फुटले.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. आमचा वाडा नदीपासून फार दूर नव्हता. आईने आम्हां भावंडांना हाताला धरले, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला आणि आम्ही पर्वतीच्या बाजूने चालू लागलो. चुलीवरचा भात तसाच राहिला. मागे वळून पाहिले तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला पाणी दिसत होते. ते धावत नव्हते, नुसते चढत होते. ओळखीची दुकाने, पिंपाचा पार, कोपऱ्यावरचा दिवा एकेक करून त्यात नाहीसे होत होते. लकडी पुलावरून पाणी गेले. शनिवार, नारायण, कसबा या पेठांत आणि डेक्कन जिमखान्यावर घरेच्या घरे बुडाली. जुने मातीचे वाडे भिजले आणि बसले.

पण मला आज सांगायचे आहे ते पुराचे नव्हे, पुरानंतरचे. पाणी ओसरले, चिखल उरला, आणि ज्या गोष्टीने शहराला बुडवले होते तीच मिळेनाशी झाली. धरणच नाही, तर कालव्यात पाणी कोठून? आणि कालव्यात नाही, तर नळाला कोठून? तेव्हा लोकांना वाड्यांतल्या विहिरी आठवल्या. आमच्या वाड्यातल्या विहिरीवर फळ्या टाकून वरती लाकडे रचलेली होती. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी ती हलवली, दोर शोधला, रहाटाला तेल घातले. विहिरीत लाल औषध टाकले आणि आई प्रत्येक घागर उकळून गाळून घेऊ लागली. पेठांतल्या जुन्या हौदांवर रांगा लागल्या. जे हौद आपण अडगळ समजत होतो, त्यांना अचानक मान आला. दोनशे वर्षांपूर्वीच्या शहाणपणाकडे शहराला हात पसरावा लागला.

सरकारने पुनर्वसनासाठी स. गो. बर्वे यांच्यासारखा कर्तबगार अधिकारी नेमला. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींत पूरग्रस्तांचे संसार नव्याने मांडले गेले. खडकवासल्याची भिंत पुन्हा उभी राहिली. पानशेतचे धरण १९७२ पर्यंत नव्याने पुरे झाले. त्याच्या जलाशयाला तानाजीसागर नाव मिळाले. पुढे मोसीवर वरसगाव झाले, मुठेच्या उगमाकडे टेमघर झाले. आज या चार धरणांत मिळून एकोणतीस अब्ज घनफुटांहून थोडे अधिक पाणी मावते. त्यांत खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन अब्ज घनफूट! म्हणजे खडकवासला हा आता कोठीवाला राहिलेला नाही. तो उंबरठा आहे. वरच्या तिघांचे पाणी याच उंबरठ्यावरून घरात येते. उंबरठा मळला, तर कोठार कितीही भरलेले असो, घरात मळच येणार.

*

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

शहराने दर वेळी काय केले ते पाहा. नदी मळली, कात्रजला गेलो. आज कात्रजच्या तलावाभोवती शहरच वसले आहे आणि त्याचे पाणी पिण्याचे धाडस कोणी करणार नाही. बंडगार्डनचा बंधारा शहराच्या खाली पडला, म्हणून खडकवासल्याला गेलो. खडकवासला पुरेना, म्हणून पानशेत, वरसगाव, टेमघर. मळवावे आणि वर सरकावे, हाच पाठ. पण टेमघरच्या पलीकडे काय आहे? सह्याद्रीचा कडा आणि खाली कोकण. वर सरकायला आता डोंगरच उरलेला नाही.

आणि खडकवासल्याच्या काठावर वस्ती वाढते आहे, हॉटेले आहेत, पानशेतच्या रस्त्याला विश्रामगृहे आहेत. त्यांतले सांडपाणी उताराचाच नियम पाळते. रविवारच्या माणसाची कागदी बशी डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिच्यावर रागावतो. हे पाणी दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी बोलत नाही. दर पावसाळ्यात पोहण्याच्या मोहाने कोणा घरचा तरणा मुलगा तेथे बुडतो, फलक लागतात, आणि पुढच्या रविवारी फलकाला टेकून गर्दी पुन्हा उभी राहते.

मग चौपाटी बंद करावी काय? असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कात्रजच्या नळाचे पाणी जमिनीखालून आले, त्याचे हौद शहराच्या मधोमध होते. लोक त्यांना पाहत होते तोवर जपत होते. नळ घरात आला, पाणी डोळ्यांआड झाले आणि हौद अडगळ झाले. जे पाणी आपण कधी पाहिले नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार? माझ्या नातवाने तलाव पाहिला म्हणून त्याला प्रश्न पडला. घरी नळाखाली हात धुताना तो कधी पडला नव्हता. तलावावर जावे, पोरांना न्यावे, कणीस खावे. फक्त आपण पाणवठ्यावर बसलो आहोत, एवढे ध्यानात असावे. घरच्या माठात कोणी पाय बुडवीत नाही, त्याला पाटी लावावी लागत नाही.

आणि आणखी एक. आपणही कोणाच्या तरी वरच आहोत. कालव्याच्या शेपटाला दौंड-इंदापूरचा शेतकरी आहे. हे धरण आधी त्याच्यासाठी होते, आणि दर वर्षी कालवा समितीच्या बैठकीत तो आपली ओंजळ मागतो. आपण वापरून टाकलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जाते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पुण्याची मंडळी भल्या पहाटे गाड्या काढून ते पाहायला जातात, नावेत बसतात, न्याहारी करतात. त्याच उजनीचे पाणी सोलापूर पिते. म्हणजे खडकवासल्याच्या काठावर बशी टाकणाऱ्या गृहस्थाचे आपल्याशी जे नाते, तेच आपले सोलापूरकरांशी. त्या संध्याकाळी मला त्या गृहस्थाचा राग आला होता. हिशेब मांडल्यावर तो जरा उतरला.

गृहस्थाला कोणी काही बोलले नाही. नातू मात्र गेला, पाण्याच्या कडेला लागलेल्या दोन बशा त्याने उचलल्या आणि कणीसवाल्याच्या टोपलीत नेऊन टाकल्या. कणीसवाल्या बाईंनी त्याला एक कोवळे कणीस दिले, पैसे घेतले नाहीत. "आमीबी ह्येच पानी पितो, बाळा," त्या म्हणाल्या.

या नरकचतुर्दशीला तो माझ्याआधी उठेल. बंब आता राहिला नाही, पण पाणी तेच आहे. टेमघरच्या, वरसगावच्या, पानशेतच्या डोंगरांवर पडलेले, खडकवासल्याचा उंबरठा ओलांडून आलेले. पहिला तांब्या अंगावर घेताना आपण गंगा, यमुना, गोदावरी यांची नावे घेतो. त्यांच्या शेवटी मुठेचे नाव घालायला काय हरकत आहे?